११३ सभासदांचा एकच मोबाइल नंबर: २१४७४८३६४७

सेक्रेटरी_नको_रे_बाबा

नमस्कार मंडळी. हा धागा गणितात टाकू की तंत्रज्ञानात की सरळ रडगाण्यात हे कळेना म्हणून इथेच टाकतोय, अॅडमिननी हलवला तरी चालेल.

आमची कोथरूडातली जुनी सोसायटी, ११६ सभासद. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं (मीटिंगला उशिरा पोचलो हा गुन्हा). आधीच्या कमिटीने चार वर्षांपूर्वी कोणाकडून तरी एक सॉफ्टवेअर करून घेतलेलं, त्यात सगळ्यांची माहिती भरली होती आणि रजिस्टर रद्दीत गेलं. काल मेंटेनन्सचा मेसेज पाठवायला म्हणून यादी बाहेर काढली तर ११६ पैकी ११३ जणांचा मोबाइल नंबर एकच, २१४७४८३६४७. माझा पण तोच. बायकोचा पण तोच.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर तो म्हणे सर डेटा एन्ट्री करणाऱ्याने कॉपी पेस्ट मारलं असणार. मी म्हटलं बाबा रे, २ ने सुरू होणारा मोबाइल नंबर भारतात असतो का? तर म्हणे बघून सांगतो. अजून बघतोय.

हा आकडा मी कुठेतरी पाहिलाय एवढं नक्की. काय भानगड आहे? आणि ते तीन जण कसे काय वाचले?

बिटबिट्या

हाहाहा. काका, कॉपी पेस्ट नाही झालेलं. तुमच्या सोसायटीने छताला डोकं आपटलंय.

२१४७४८३६४७ म्हणजे २^३१ - १. कम्प्युटरमध्ये साधा पूर्णांक ठेवायला ३२ बिटांची जागा असते, त्यातला एक बिट अधिक-उणे दाखवायला जातो, उरले ३१. त्या ३१ जागी सगळे एक भरले की हा आकडा होतो. त्या डब्यात याच्यापेक्षा मोठं काही मावत नाही. तुमच्या माणसाने फोन नंबर हा मजकूर म्हणून न ठेवता आकडा म्हणून ठेवला, म्हणजे कॉलम इंट (साध्या पूर्णांकाचा). आपले मोबाइल ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, दहा आकडी, म्हणजे सगळेच्या सगळे सहाशे कोटींच्या वर. डब्यात मावेना म्हणून डेटाबेसने मावेल तेवढा मोठ्यात मोठा आकडा ठेवून दिला आणि गप्प बसला. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस आहे, तो पूर्वी असंच करायचा, बारीकशी वॉर्निंग द्यायचा जी कोणी वाचत नाही. त्याच्या ५.७ या आवृत्तीपासून मूळ सेटिंगच कडक केलंय, आता तो सरळ नाही म्हणतो. तुमचं जुनं असणार किंवा कोणीतरी मुद्दाम ढिलं केलं असणार.

वाईट बातमी, मूळ नंबर गेले. छाटलेल्यातून परत काही काढता येत नाही.

सेक्रेटरी_नको_रे_बाबा

गेले म्हणजे गेलेच?? मग आता ११३ दारं वाजवायची?

बिटबिट्या

जिन्याने जा, व्यायाम होईल.

डॅलसची_सून

अय्या, २१४ हा तर आमच्या डॅलसचा एरिया कोड! (२१४) ७४८-३६४७, अगदी इथला नंबर वाटतो. मी इथे एका छोट्या ऑफिसात काम करते, आमच्या जुन्या कस्टमर लिस्टमध्ये हा नंबर पन्नास वेळा तरी आहे आणि मला इतके दिवस वाटायचं हा कोणीतरी खूप नावं बदलणारा माणूस आहे. इथले पण सगळे नंबर दहा आकडी, त्यामुळे २१४ च्या पुढचे एरिया कोड असले की हेच होणार ना? न्यूयॉर्कचा २१२ वाचेल, ह्यूस्टनचा ७१३ गेला.

सेक्रेटरीकाका, चुकून त्या नंबरला मेंटेनन्सचा मेसेज पाठवू नका हं.

पेन्शनीत_प्रमेय

वा, धाग्याला विषय चांगला मिळाला. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, कम्प्युटरचं मला फार कळत नाही पण या आकड्याला मी वेगळ्या घरातला म्हणून ओळखतो.

आधी वाचून घेऊ. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. आणि हे १७७२ साली ऑयलर या थोर स्विस गणितज्ञाने दाखवलं. पीटर्सबर्गला होता तो तेव्हा, आदल्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन फसून जवळजवळ आंधळा झालेला. बर्नुली या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने ही गोष्ट सांगितली. तेव्हापासून १८६७ पर्यंत, म्हणजे ९५ वर्षं, ही जगातली माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. त्याआधीचा विक्रमही ऑयलरचाच, ६७००४१७.

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ आणि मग आपली ही, आठवी.

निवांत_नाना

आंधळ्या माणसाने ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं? वर्गमूळ तेवढं येतंय, कॅल्क्युलेटरवर केलं. आणि ४६३४० पर्यंत मूळ संख्या ४७९२ आहेत असं पोराच्या प्रोग्रामने सांगितलं. रोज दहा भागाकार केले तरी सव्वा वर्ष. धन्य तो माणूस.

पेन्शनीत_प्रमेय

नाना, एवढे नाही हो करावे लागले, तीच तर गंमत आहे. थोडं लांबेल पण लिहितो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

समजा क्ष नावाच्या मूळ संख्येने आपल्या आकड्याला भाग जातो. म्हणजे २^३१ ला क्ष ने भागलं तर बाकी १ उरते. आता फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं जुनं प्रमेय म्हणतं की २^(क्ष-१) ला क्ष ने भागलं तरी बाकी १ च. २ चे घात वाढवत गेलं की बाक्यांचं एक चक्र फिरत राहतं, त्या चक्राची लांबी ३१ ला भागणारी हवी, पण ३१ स्वतःच मूळ म्हणून ती ३१ च (१ असू शकत नाही). म्हणजे क्ष-१ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क्ष विषम, म्हणून ६२ ने. झालं, क्ष हा ६२, १२४, १८६ असल्यांच्या पुढचा एक, बाकी कोणी उमेदवारच नाही!

दुसरी चाळणी. २^३२ ची बाकी २ उरते आणि २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे क्ष च्या जगात २ ही वर्गसंख्या झाली, आणि ते फक्त क्ष ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरत असेल तरच होतं. दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की उरतात २४८ च्या पटीत १ मिळवलेले आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवलेले. ४६३४० च्या आत असे एकूण ३७२. त्यातले पुन्हा मूळ नसलेले काढले की फक्त ८४. चौऱ्याऐंशी भागाकार! दोन दुपारचं काम आहे.

लहान आकड्यावर पटवून घ्यायचं असेल तर २^११ - १ घ्या, २०४७ = २३ × ८९. २३ म्हणजे २२ + १, आणि ८९ म्हणजे ८८ + १. दोघेही बरोबर चाळणीतून आलेले.

सुगरण_मी_होणार

मी पुढच्या प्रतिसादावर आले 😀

निवांत_नाना

सर, ८४ पैकी पहिला मी केला. ६३ मूळ नाही, २४९ ला ३ ने जातो, ३११ मूळ आहे. ३११ × ६९०५०९२ आणि बाकी ३५. गेला नाही. पुढचा ४९७ (७ ने जातो), ५५९ (१३), ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, सगळे बाद, मग डायरेक्ट १३०३. तो उद्या करतो, आज गुडघा दुखतोय.

कुजकट_कोपरा

भागाकाराचा आणि गुडघ्याचा काय संबंध?

निवांत_नाना

टेबलापर्यंत चालत जावं लागतं.

खट्याळ_खारुताई

यात मर्सेनबुवांचं काय? नाव त्यांचं आणि काम ऑयलरचं?

पेन्शनीत_प्रमेय

मर्सेन हा फ्रान्सचा पाद्री. १६४४ साली त्याने यादी दिली की घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७ असेल तर मूळ संख्या मिळते. सिद्धता वगैरे काही नाही. पुढे निघालं की ६७ आणि २५७ चूक, आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले. पाच चुका आणि तरी नाव अमर. आमच्या वेळी पाच चुकांना छडी होती.

पण त्याच्याही आधी इटलीतला काताल्दी, १५८८. त्याने १७ आणि १९ खरंच भागाकार करकरून सिद्ध केले, आणि मग अंगात आल्यासारखं म्हणाला की २३, २९, ३१, ३७ पण मूळ देतात. फर्माने १६४० मध्ये २३ आणि ३७ उडवले. २^२३ - १ ला ४७ ने भाग जातो. २९ ला ऑयलरने १७३८ मध्ये उडवलं, २३३ ने जातो. चारपैकी एकच अंदाज खरा निघाला, तो हा आपला ३१. त्यामुळे १७७२ पर्यंत या आकड्याकडे संशयानेच बघायला हवं होतं, त्याची भावंडं एकेक करून पकडली गेली होती.

बिटबिट्या

सर भारी. आणि तुम्ही वर ६७००४१७ लिहिलंत त्याचा पण आमच्या गल्लीशी संबंध आहे. २^३२ + १ = ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. फर्माला वाटायचं तो मूळ आहे, ऑयलरने १७३२ मध्ये फोडला. आणि ४२९४९६७२९५ हे ३२ बिटांचं दुसरं छत, उणे आकडे नकोच असतील तेव्हाचं. म्हणजे त्या माणसाने ऑयलरच्या अंगणातच आमचे डबे बांधून ठेवले होते.

खट्याळ_खारुताई

मग सेक्रेटरीकाकांच्या सॉफ्टवेअरवाल्याने ते उणे-नको वालं छत लावलं असतं तर वाचले असते का सगळे?

बिटबिट्या

नाही ना. ते ४२९ कोटी. आपले मोबाइल ६०० कोटींच्या वर. फक्त ११३ जणांचा नंबर ४२९४९६७२९५ झाला असता. फोन नंबर हा आकडाच नाही मुळात, दोन फोन नंबरांची बेरीज करतं का कोणी? तो मजकूर म्हणूनच ठेवायचा असतो.

सदाशिव_अपेठी

एक शंका. त्या तीन वाचलेल्यांपैकी कोणी लँडलाइन दिलेला आहे का? पुण्याचा कोड ०२०, पुढे आठ आकडे. सुरुवातीचं शून्य आकड्यात उडतं, उरतं २०........, म्हणजे जास्तीत जास्त २०९ कोटी ९९ लाख. छत २१४ कोटी. पुण्याचे झाडून सगळे लँडलाइन आरामात बसतात!

मुंबईचा ०२२, म्हणजे २२० कोटींच्या वर. छाटला. डोंबिवली ०२५१, छाटला. नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१, नागपूर ०७१२, सगळे छाटले.

सेक्रेटरी_नको_रे_बाबा

अहो काय सांगताय!! तिघांपैकी दोघी आमच्या सगळ्यात जुन्या सभासद, दोन्ही आज्या, दोघींनी घरचा लँडलाइनच दिलेला. यादीत दहा आकडी २०२५... असं काहीतरी आहे, मी चुकीचा समजून सोडून दिला होता.

सदाशिव_अपेठी

बघा. मी काही बोलत नाही.

गिरगावकर_मूळचा

बोलू पण नका. कम्प्युटरने सुद्धा पुण्याला सांभाळून घेतलं म्हणजे कमाल झाली.

सातारची_मावशी

आमचं सातारा ०२१६२, म्हणजे २१६ कोटी. थोडक्यात हुकलं की गं. लोणावळा ०२११४ आत, बारामती ०२११२ आत आणि आम्ही बाहेर. हे बरं नव्हं.

७०_चा_गडी

माझा जन्म १ जानेवारी १९७० चा (शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला, खरा देव जाणे). युनिक्स या जुन्या कम्प्युटर प्रणालीचं घड्याळ पण त्याच दिवशी सुरू होतं आणि तेव्हापासून एकेक सेकंद मोजत बसलंय. जुन्या मशीनवर ही मोजणी याच ३२ बिटांच्या डब्यात होते. म्हणजे २१४७४८३६४७ सेकंद झाले की डबा भरला. सेकंदांची वर्षं केली तर ६८ आणि थोडे दिवस. तारीख १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. मी चहा पीत असेन.

खट्याळ_खारुताई

आणि ८:४४:०८ ला?

७०_चा_गडी

१३ डिसेंबर १९०१. उणे २१४७४८३६४८ सेकंद. शुक्रवार.

सुगरण_मी_होणार

हे मला कळलं नाही, एक मिळवल्यावर उणे कसं होतं? बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं तरी चालेल पण हे सांगा.

बिटबिट्या

ताई, स्कूटरचा जुना किलोमीटरचा काटा आठवा. ९९९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी चाकं फिरून ०००००. तसंच. इथे ३१ चाकांवर सगळीकडे १ आहे. अजून एक मिळवला की सगळे १ चे शून्य होतात आणि हातचा सगळ्यात डावीकडच्या ३२व्या चाकावर जातो. पण ते चाक किलोमीटरचं नाही, ते गाडी पुढे जातेय की मागे हे सांगणारं आहे. तिथे १ आला की कम्प्युटर म्हणतो उणे. सगळ्यात मोठ्या अधिकवरून एका पावलात सगळ्यात मोठ्या उणेवर.

सुगरण_मी_होणार

आत्ता कळलं. ऑयलरपेक्षा तुम्ही बरे.

ईएमआय_ग्रस्त

२०३८ लांब आहे म्हणून हसू नका. मी २०१८ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांचं होम लोन घेतलं. शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०३८. म्हणजे ज्या दिवशी माझं कर्ज मंजूर झालं त्या दिवशीच कुठल्यातरी कम्प्युटरला ती तारीख लिहावी लागली असणार, कर्ज १९०१ मध्येच फिटलं असं तो म्हणाला असता तर मी पेढे वाटले असते.

बिटबिट्या

नाही वाटू शकणार, बहुतेक नवीन मशीनवर वेळ ६४ बिटांत मोजतात. लिनक्स प्रणालीच्या ५.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ३२ बिटांच्या मशीनवर पण सोय झालीय. भीती आहे ती भिंतीत, लिफ्टमध्ये, पंपात बसवून विसरलेल्या जुन्या पट्ट्यांची. आणि मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प नावाचा प्रकार अजून २०३८ च्याच त्या सेकंदाला संपतो, सेक्रेटरीकाका तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पण असेल बघा.

या छताला अजून कोण आपटलंय: २०१४ च्या डिसेंबरात गंगनम स्टाइल या कोरियन गाण्याचे यूट्यूबवर व्ह्यूज या आकड्याच्या पुढे जायला लागले आणि त्यांनी मोजणी ६४ बिटांवर नेली. नवीन छत ९२२३३७२०३६८५४७७५८०७. रनस्केप खेळणाऱ्यांना विचारा, एका ढिगात जास्तीत जास्त नाणी किती मावतात, २१४७४८३६४७.

आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याने आदेश काढला की बोइंग ७८७ चे जनरेटर कंट्रोलर सलग २४८ दिवस चालू राहिले तर वीज जाऊ शकते, तेव्हा अधूनमधून बंद करून चालू करत जा. आता सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा काउंटर घ्या आणि २१४७४८३६४८ ला १०० ने, मग ८६४०० ने भागा. २४८.५५ येतं. आदेशात कारण म्हणून हा आकडा दिलेला नव्हता पण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने २४८ वाचल्या वाचल्या कपाळाला हात लावला.

कुजकट_कोपरा

म्हणजे विमान पण बंद करून चालू करायचं. आमच्या केबलवाल्यासारखं.

पेन्शनीत_प्रमेय

यूट्यूबचं ते नवीन छत २^६३ - १ ना? ते मात्र मूळ नाही. ६३ ला ३ ने, ७ ने भाग जातो म्हणजे तिथेच निकाल लागला, ७ ने दोनदा भाग जातो त्याला. या जुन्या छताचं मूळ असणं हा निव्वळ योगायोग आहे. इंजिनियर लोकांनी ३२ घेतले कारण तो २ चा घात. त्यातून चिन्हाचा एक गेला आणि उरलेला ३१ हा मूळ आणि वर २^३१ - १ पण मूळ. १६ बिटांचं छत ३२७६७, त्याला ७ ने जातो. ८ चं १२७, ते मूळ. सगळ्यांना नाही जमत.

यादृच्छिक_यमी

योगायोग असला तरी लोकांनी त्याचा फायदा उठवलाय सर! माझं काम सिम्युलेशनचं. यादृच्छिक म्हणजे रँडम आकडे काढायची एक जुनी रेसिपी आहे: कुठलाही आकडा घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या, ती बाकी परत १६८०७ ने गुणा, चालू ठेवा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८ असं काहीच्या बाही उड्या मारत जातं. १९६९ पासून वापरात आहे, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या दोघांनी लेख लिहून सांगितलं की बाबांनो निदान एवढं तरी वापरा, याच्यापेक्षा वाईट वापरू नका. सी प्लस प्लसच्या प्रमाण ग्रंथात अजून आहे, आणि तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का तपासायला तिथे उत्तर पण दिलंय: १ पासून सुरू केल्यावर दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ यायलाच पाहिजे.

गंमत ही की भाजक मूळ असल्यामुळे आणि १६८०७ नीट निवडल्यामुळे (तो ७ चा पाचवा घात) हा खेळ १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा आणि एकदाच घेतो आणि मगच परत १ वर येतो. एकही सुटत नाही. आज कोणी गंभीर कामाला वापरत नाही कारण दोनशे चौदा कोटी आता फार वाटत नाहीत, माझा लॅपटॉप चहा उकळेपर्यंत पूर्ण चक्र मारून येतो.

शेअर_करा_पुण्य_मिळवा

हा आकडा आपल्या ऋषीमुनींना ५००० वर्षांपूर्वी माहीत होता, नासाने पण मान्य केलंय

पेन्शनीत_प्रमेय

कुठल्या ऋषींना, कुठल्या ग्रंथात, श्लोक क्रमांक द्या, मी वाचतो. नसेल तर भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं खरोखर दिली आहेत ती पाठ करा, पुण्य त्यात जास्त आहे.

ती नावं इथे लागणार पण आहेत. मर्सेन मूळ संख्या मिळाली की एक परिपूर्ण संख्या फुकट मिळते, युक्लिडची कृपा. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते ती. ६ = १ + २ + ३. २८ = १ + २ + ४ + ७ + १४. आपल्या आकड्याला २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ येतो, तोही परिपूर्ण. परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्यं, तर हा तेवीस परार्धांच्या वर जातो, लीलावतीतली नावं संपतात.

या परिपूर्ण संख्येबद्दल पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८११ च्या पुस्तकात लिहून ठेवलं की याच्यापेक्षा मोठी कधीच कोणाला सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य, तेव्हा पुढे शोधायला जाईल कोण. १८७६ मध्ये ल्यूकाने २^१२७ - १ मूळ असल्याचं दाखवलं, ३९ आकडी, आणि त्याबरोबर मोठी परिपूर्ण आलीच.

बिटबिट्या

उपयोग शून्य 😂 आत्ता या क्षणी हा आकडा लिहिलेला नाही असा एकही फोन पृथ्वीवर नसेल. आणि शोधायला लोक जातातच, २०२४ च्या ऑक्टोबरात ५२वी मर्सेन मूळ जाहीर झाली, घातांक १३६२७९८४१, आकडे चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस.

खट्याळ_खारुताई

मला एक सुचलं. ५ मूळ, २^५ - १ = ३१ मूळ, २^३१ - १ मूळ. मग २ चा २१४७४८३६४७वा घात वजा १ पण मूळ असेल का?

पेन्शनीत_प्रमेय

खारुताई, शाब्बास, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. नाही. त्याला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो, १९८३ मध्ये सापडलं. ती संख्या पूर्ण लिहायची तर साडेचौसष्ट कोटी आकडे लागतील, कोणी लिहीत बसणार नाही, तरी तिचा एक विभाजक आपण एका ओळीत लिहू शकतो. आणि आता वरची चाळणी लावा: विभाजकातून १ वजा करून २१४७४८३६४७ ने भागा. बरोबर १३७४९० येतं, सम. ऑयलरचीच चाळणी, फक्त ६२ च्या जागी आपल्या आकड्याची दुप्पट.

देवळाली_लोकल

मराठी धाग्यात आकड्यांची चर्चा आणि अजून कापरेकर आले नाहीत? आमच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, ६१७४ वाले. चार आकडी कुठलीही संख्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, परत परत करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४.

मी काल रात्री हा दहा आकडी घेऊन बसलो, हातानेच. ८७७६४४४३२१ - १२३४४४६७७८ = ७५४१९९७५४३. पुढे ८६३२९९६६३२, ७७५२९९६४२३, ७७४३०८६५२३... नवव्या वजाबाकीला ४३२१०८८७६६ आला तेव्हा वाटलं काहीतरी सुंदर होणार, कसलं काय. चौदाव्या वजाबाकीला ८६५३२६६४३२, मग ६४३३०८६६५४, मग ८३३२०८७६६२ आणि सतराव्याला परत ८६५३२६६४३२! म्हणजे एका जागी थांबतच नाही, तिघांत गोल गोल फिरत बसतो. दोनदा तपासलं. चुकलं असेल तर सांगा.

यादृच्छिक_यमी

प्रोग्राम लिहून पाहिलं, तंतोतंत बरोबर आहे. दहा अंकांना ६१७४ सारखं एकच मुक्कामाचं ठिकाण नसतं, काही आकडे थांबतात आणि काही असे फिरत राहतात. पण सतरा दहा-आकडी वजाबाक्या हाताने, एकही चूक न करता? दंडवत.

देवळाली_लोकल

चार पानं फाडली त्यात. आणि आधीच्या रात्री पण बसलो होतो, ते सांगत नाही.

निवांत_नाना

१३०३ केला. ३११ ची गत तीच, बाकी उरली. ८२ राहिले.

सेक्रेटरी_नको_रे_बाबा

मंडळी, अपडेट. चार दिवसांत ९७ दारं वाजवून झाली, नंबर वहीत घेतोय, पेनाने. सॉफ्टवेअरवाला म्हणाला कॉलम बदलून देतो, त्याचे वेगळे पैसे पडतील. धागा वाचायला दिला त्याला, तेव्हापासून फोन उचलत नाही.

तिसरा वाचलेला सभासद कोण ते पण कळलं. त्यांचा लँडलाइन नाही, मोबाइलच आहे, पण यादीत आकडे नऊच. भरणाऱ्याने एक आकडा खाल्ला म्हणून तो ९८ कोटी झाला आणि छताखालून निसटला. मी दार वाजवलं आणि म्हटलं काका तुमचा नंबर चुकीचा लागलाय आमच्याकडे, तर म्हणाले, तरीच, चार वर्षं सोसायटीचा एक मेसेज येत नाही, मला वाटलं मागच्या कमिटीने रागाने काढून टाकलं.

मी म्हटलं काका, तुम्हाला एकट्यालाच नाही.